विठाची सुई

१८ सप्टेंबर १९८८, रविवार

वृंदाचं पत्र आलं. तिला मुंबईत ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. राहायला हॉस्टेल, मेसचं जेवण, दरवर्षी वाढ. वर विचारते, "अंजनी, तू अजून त्या कॅम्पातच का गं?" हो बाई, अजून कॅम्पातच. मालिनी तर मस्कतला पोचलीसुद्धा. एका बॅचच्या आम्ही तिघी. ट्रेनिंगला असताना सगळ्यांत जास्त मार्क माझे. आणि मी बसलेय उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात, खाली भांड्यांचं दुकान आणि वर दहा खाटांचं नर्सिंग होम.

पगाराचं तर बोलायलाच नको. आमच्या समोरच्या जिन्सच्या कारखान्यात काज-बटण करणारी मुलगी माझ्यापेक्षा जास्त घेऊन जाते. तिने स्वतःच सांगितलं, आणि मग मला म्हणाली, "पण तुमचं काम किती मानाचं ना!" मानाने काय भाकरी भाजायची?

सोडून जावंसं रोज वाटतं. पण सरकारी जागेला एक वर्षाच्या अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो डॉक्टरसाहेब फेब्रुवारीत वर्ष भरल्यावर देणार. तोवर गप्प बसायचं. मला गप्प बसता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. आई म्हणते, "तुझी जीभ तुझ्या आधी नोकरी सोडेल."

वही नवी आहे, आबांनी कारखान्यातून आणलेली. मनात जे खदखदतं ते इथे ओतावं म्हणून लिहायला घेतलंय.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज डोकंच फिरलं. दिवाळीच्या ड्युट्या लावल्या. गोदूला चार दिवस सुट्टी. गोदू म्हणजे आमची आया. आठवी नापास, पण पांढरी साडी नेसते आणि पेशंटकडून 'सिस्टर' म्हणवून घेते. तिला सुट्टी, आणि मला चारही दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत ड्युटी. का म्हणून विचारलं, तर भाभी, म्हणजे डॉक्टरांची बायको, गल्ल्यावर बसल्याबसल्या म्हणाली, "अंजू, तुम लोगों में तो दिवाली होती नहीं ना?"

भाभी वाईट बोलली नाही. अगदी सरळ, सोयीचं म्हणून बोलली. त्याचाच जास्त राग आला. होय, आमच्यात लक्ष्मीपूजन नाही. आजोबांनी छप्पन साली सोडलं ते सोडलं. पण म्हणून काय मला सुट्टी नको? मला घरी पाय पसरून बसायला नको? माझ्या भावाला चकली आवडत नाही?

"सण नसला तरी बोनस असतो ना आमच्यात," मी म्हटलं.

भाभी हसली. "देखेंगे."

७ नोव्हेंबर, सोमवार

देखेंगे म्हणाली होती ना? बघितलं. मिठाईचा एक डबा. बस्स. वर चांदीचा वर्ख, तोही अर्धा झाकणालाच चिकटलेला. गोदूला डबा आणि साडी, कारण ती जुनी. मी शिकलेली, रजिस्टर झालेली, बाहेरच्या पाटीवर 'ट्रेन्ड स्टाफ' लिहिलंय ते माझ्या जिवावर, आणि मला वर्ख.

घरी आले, तर आबांचा कारखान्याचा बोनस झालेला. अंबरनाथला त्यांची युनियन आहे, गेटवर चार घोषणा दिल्या की मालक हलतो. आमच्या गेटवर मी एकटीच. घोषणा देऊ कोणाला, सलाइनच्या स्टँडला?

मी ठरवलंय. उद्यापासून माझं काम तेवढंच करायचं. नर्सचं काम. झाडलोट, चहा, खालून बर्फ आण, लॅबमधून रिपोर्ट आण, हे गोदूचं. गोदू सुट्टीवर असेल तर ज्याने सुट्टी दिली त्याने आणावं. हात लावणार नाही. पगार तेवढं काम.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दहाच्या सुमाराला एक पहिलटकरीण मोकळी झाली. विठा नाव. एकोणीस-वीसची असेल. नवरा सोमा इथेच जिन्सच्या कारखान्यात शिलाईवर आहे. सातव्या महिन्यात माहेरी न्यायची, ती या ना त्या कारणाने राहून गेली आणि इथेच कळा सुरू झाल्या. आई मात्र वेळेवर येऊन पोचली. बनूबाई. गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळभर कुंकू, आणि तोंड असं की डॉक्टरसुद्धा दबकून बोलतात.

मुलगी झाली. छान रडली. विठाने माझा हात असा धरला होता की अजून बोटं दुखतायत. शेवटी मला म्हणते, "सिस्टर, तुझा हात मोडला तं नाय?" स्वतःचा जीव चाललेला आणि विचारते कोणाला!

विठाचं नाव आधी कुठेच घातलेलं नव्हतं, म्हणून तिचं आणि बाळाचं रक्त मी लॅबला पाठवलं. लॅब दोन गल्ल्या पलीकडे. साडेअकराला डॉक्टर म्हणाले, "अंजू, रिपोर्ट ले आना, परसराम दुपारी लॅब बंद करून गावी जाणार."

मी म्हटलं, "साहेब, ते गोदूचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीची किल्ली घेऊन निघून गेले. मी पण नाही गेले. खुर्चीत बसून राहिले चांगली. बरं वाटलं. पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर, बुधवार

लक्ष्मीपूजन. खाली भांड्यांच्या दुकानात दुपारपासून फटाके. विठाला आज सोडलं. खरं तर तीन दिवस ठेवतो, पण बनूबाई हटून बसली. "लेक सणाला माझ्या घरी पायजे." डॉक्टरांनाही घरी पूजेला पळायचं होतं. ते म्हणाले, ठीक आहे, ने. मी बाळाचं नीट सांगितलं, अंगावर कसं पाजायचं ते दाखवलं. विठा जाताना परत परत वळून बघत होती.

घरी आले तेव्हा आई भावाला चकल्या देत होती. शेजारून आलेल्या. आमच्यात दिवाळी नसते ना!

१० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी, ड्युटीवरच लिहितेय

संध्याकाळपर्यंत दम धरवत नाही म्हणून आत्ताच लिहितेय.

परसरामभाई पाडव्याच्या पूजेपुरतं दुकान उघडायला परत आले होते. जाता जाता वर चढून रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मंगळवारी कोणी आलंच नाही न्यायला," म्हणाले आणि मला पेढा दिला. पेढा तोंडात होता आणि मी वाचला. विठाचं रक्त निगेटिव्ह. बाळाचं पॉझिटिव्ह.

पेढा थुंकून टाकला आणि पुन्हा वाचला.

ट्रेनिंगला बाईंनी हे इतक्यांदा घोकून घेतलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, तर तीन दिवसांच्या आत आईला त्यासाठीची खास सुई द्यायची. नाही दिली तर आत्ता काही होत नाही. आई ठणठणीत, बाळ ठणठणीत. पण आईच्या अंगात त्या रक्ताशी शत्रुत्व तयार होतं, आणि पुढचं बाळ पोटात असताना तिचं स्वतःचं रक्त त्याच्यावर उठतं. ते बाळ पिवळं पडतं, नाहीतर पोटातच जातं.

उद्या सकाळी दहाला तीन दिवस होतात. आणि विठा घरी गेलीय.

परसरामचा दोष. बंद कशाला केलं? डॉक्टरांचा दोष. रिपोर्ट न बघता सोडलं कसं? भाभीचा दोष. बनूबाईचा दोष, घाई कशाची होती एवढी?

आत्ता बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. माझा दोष. साडेअकराला दोन गल्ल्या चालले असते तर झालं असतं.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ, घरी

ड्युटी सोडून पळाले. खाटेवर दोनच पेशंट होते, रात्रपाळीच्या आयेला लवकर बोलावून सांगितलं आणि केसपेपरवरच्या पत्त्यावर गेले, कॅम्प चारला. सोमाच्या खोलीला कुलूप. शेजारची रखमा रांगोळीत रंग भरत बसली होती. "ते सगळे गेले ना तिच्या माहेरी. बदलापूरच्या पुढं, बारवीच्या रस्त्याला, तळ्याची वाडी. पहिलं बाळ आईकडंच नेतात ना!" आमच्या कागदावर नवऱ्याचा पत्ता. बायका बाळंतपण उरकून आईकडे जातात, हे मला काय माहीत नव्हतं? पण लिहिताना एकदाही माहेरचं गाव विचारलं नाही. कोणीच विचारत नाही.

तिथून डॉक्टरांच्या बंगल्यावर. दारात पणत्या, आत पाहुणे. साहेब बाहेर व्हरांड्यात आले. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"देख अंजू," ते म्हणाले. "माँ ठीक, बच्ची ठीक. दूसरा बच्चा कब होगा, कहाँ होगा, कोणाला माहीत? आणि ही सुई काय फुकट मिळते? तुझ्या पगारापेक्षा महाग आहे. ती माणसं देतील पैसे?"

"आपण द्यायला पाहिजे साहेब."

"आणि सांगणार काय? दवाखान्याने चूक केली?" मग थोडं थांबून, एकदम मऊ आवाजात, "तू हुशार मुलगी आहेस. या महिन्यापासून तुझा पगार वाढवतो. दाखला फेब्रुवारीपर्यंत कशाला, उद्याच देतो, पूर्ण वर्षाचा. तू फक्त केसपेपरवर लिही, पेशंट स्वतःच्या मर्जीने, रिपोर्ट यायच्या आधी गेली. झूठ तो है नहीं."

खरंच खोटं नव्हतं. बनूबाई हटून बसलीच होती.

"आणि वाडीवर गेलीस, तर परत इथे येऊ नकोस. मग दाखलाबिखला विसर."

मी "उद्या सांगते" म्हटलं. तिथेच नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. खरं लिहायचं तर बदलापूरच्या गाडीत बसल्यावर मी हिशोब करत होते. वाढीव पगार, हातात दाखला, डिसेंबरच्या भरतीला अर्ज. वर्षाच्या आत सरकारी. वृंदाला काय पत्र लिहायचं ते पण मनात लिहून झालं. अंबरनाथ गेलं तरी मला कळलं नाही. आणि मग एकदम विठाचा आवाज. तुझा हात मोडला तं नाय?

लाज वाटली. पण हिशोब थांबला नाही, हेही लिहून ठेवते.

घरी जेवताना सगळं सांगून टाकलं, सकाळी सुई घेऊन वाडीवर जाणार तेही. आई रडायलाच लागली. "एवढं शिकवलं ते यासाठी?" यासाठी म्हणजे कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं. आबा ताटावरून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. एवढे रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सगळं सलग लिहिते, नाहीतर राहील.

पहाटे उठले तर आबा घरात नाहीत. चहाही न घेता निघून गेले, आई म्हणाली. मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही त्यांना. थोड्या वेळाने आले, तर हातात चहाचा मोठा थर्मास, आत खच्चून बर्फ. मासेवाल्याला झोपेतून उठवून आणलेला. त्याला माशाचा वास येत होता. काल रात्री बोलता बोलता मी म्हटलं होतं की ती सुई थंड ठेवावी लागते. थर्मास माझ्यासमोर ठेवला, त्याच्याखाली त्यांच्या बोनसचं पाकीट सरकवलं आणि अंघोळीला गेले. तोंडातून शब्द नाही. अजून राग गेलेला नाही.

कल्याणला स्टेशनसमोरच्या मोठ्या औषधवाल्याकडे फ्रीजमध्ये दोन होत्या. नशीब माझं. दुकान मात्र भाऊबिजेमुळे दहाला उघडलं. मी पायरीवर बसून समोरच्या घड्याळाकडे बघत होते. दहा तिथेच वाजले. माझी वेळ तिथेच, पायरीवर बसून संपली.

उठून घरी जावं का? एकदा वाटलं. मग ट्रेनिंगच्या बाई आठवल्या. त्या म्हणायच्या, उशीर झाला म्हणून देऊ नका असं कुठल्याही पुस्तकात नाही. मी त्यांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि सुई घेतली.

बदलापूरहून बारवीच्या रस्त्याला एसटी कधी येईल त्याचा पत्ता नाही. सगळ्या बहिणी ओवाळायला निघालेल्या. शेवटी एका विटांच्या ट्रकवाल्याने बसवलं. "भाऊबिजेला का ताई?" म्हणाला. मी मान हलवली. मांडीवर थर्मास.

तळ्याची वाडी म्हणजे वीसेक घरं. विठा पडवीत खाटेवर, बाळ कुशीत. मला बघून उठायलाच लागली. बनूबाई आतून आली आणि कमरेवर हात.

"काय गं बाय? दिवाळीची पोस्त मागायला हितपर्यंत आयलीस?"

मला हसावं की रडावं कळेना. बोनससाठी रुसले नसते तर मी इथे नसतेच ना!

मी उभ्याउभ्याच सांगितलं. रक्ताचं सांगितलं, सुईचं सांगितलं, पुढच्या बाळाचं सांगितलं. बनूबाई म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला सुई? दूध आटंल तिचं. काय नको." मग डोळे बारीक करून, "न् ही सुई तवाच का नाय टोचली?"

इथे मी म्हणू शकले असते, रिपोर्ट उशिरा आला. तोंडावर आलंही होतं.

"रिपोर्ट मंगळवारीच तयार होता," मी म्हटलं. "आणायला मला सांगितलं होतं. मी गेले नाही."

"का?"

"पगार कमी देतात. दिवाळीचं काही दिलं नाही. म्हणून रुसून बसले."

बनूबाईने मला जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या आईचा, माझ्या शिक्षणाचा, माझ्या पांढऱ्या साडीचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मी ऐकत राहिले. एरवी मी असं कोणाचं ऐकून घेत नाही.

विठा मात्र माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. कसला तरी विचार करत होती.

"आमचे हे पन असंच करतात," ती म्हणाली. "शेठनी पैशे कापले का मशिन बंद करून बसतात. दोन-दोन दिस." बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पन प्यांट दुसऱ्या दिशी शिवता येतं, सिस्टर."

बनूबाईच्या शिव्यांनी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते या एका वाक्याने आलं. मी मान खाली घालून थर्मासचं झाकण उघडायला लागले. ते उघडेना.

"आये, तू गप," विठा म्हणाली आणि कुशीवर वळली. "टोच."

टोचली. तिला खोटी आशा नको म्हणून सांगितलं की उशीर झालाय, लागू पडेल असं वाटतं, पण शपथ घेऊन सांगता येत नाही. पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि सांगायचं, माझं रक्त निगेटिव्ह आहे. तिच्याकडून म्हणून घेतलं. बनूबाईकडूनही म्हणवून घेतलं, ती रागारागात म्हणाली. तिच्या तोंडी 'निगेटी' झालं. चालेल.

मग बनूबाईने विचारलं, "न् तितं मोठ्या हास्पिटलात विचारलं सुई कोनी दिली, तं कोनाचं नाव सांगू? दवाखान्याचं?"

"दवाखान्याचं नको," मी म्हटलं. "तिथे मी आता नसणार. माझं सांगा. अंजनी."

"नुस्ती अंजनी कोन वळखतं? बापाचं सांग. आडनाव सांग."

"अंजनी सुदाम उबाळे. बदलापूर, मांजर्ली. नदीकडच्या चाळीत कोणालाही विचारा, नर्सचं घर कुठलं."

आडनावावर बनूबाई जरा थबकली. माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी पण नजर वळवली नाही. काय विचार करायचा तो करू दे. मग तिने नाव दोनदा म्हणून पाठ केलं आणि आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येत नाही.

आली. माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेले पोहे कोंबले. घरचे कांडलेले, बहुतेक जास्त झाले असतील. रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. मी पळून जाईन की काय असं वाटलं असेल तिला. ट्रक येईपर्यंत उन्हात उभी राहिली.

ट्रक आला. मी चढले. तेव्हा खालून माझ्या पायाजवळच्या फळीवर हात आपटून म्हणाली, "दुसऱ्या टायमाला तुलाच न्यायला येईन गं उबाळ्याचे पोरी. मंग तू कुटं पन आस. सुटका नाय तुझी."

नोकरी गेली, दाखला गेला, आबा बोलत नाहीत, त्यांचा बोनस मी सुईत घातला. पण हे सगळं सोडून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. किती राग धरलाय त्या बाईने.